मधुमेहातला पाय: जखम कोणाला होणार, हे आधी कळतं का?

पाऊलखूण

मधुमेही लोकांचे पाय तपासणं आणि जखमा धुऊन बांधणं हे काम मी २१ वर्षं करतेय. गेल्या आठवड्यात एका बाईंच्या चवड्याखालची जखम साफ करत होते, त्यांचा मुलगा बाजूला उभा होता. बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "सिस्टर, हे आधी कळलं नसतं का?" फाइल माझ्यासमोरच होती. सहा वर्षांचे शुगरचे रिपोर्ट तारखेवार लावलेले, डोळे तपासलेले, किडनी तपासलेली. मोजे काढून पाय बघितल्याची मात्र एकही नोंद नव्हती. "कळलं असतं," मी म्हणाले. खोटं बोलवेना. म्हणून हा धागा काढतेय.

अमुक तारखेला जखम होईल असं कोणी सांगू शकत नाही. पण येत्या दोन वर्षांत कोणाच्या पायाला धोका जास्त आणि कोणाच्या कमी, हे बऱ्यापैकी सांगता येतं. त्याला स्कॅन लागत नाही की रक्ततपासणी लागत नाही. तीन गोष्टी बघायच्या. तळपायाला स्पर्श कळतो का? पावलातल्या नाड्या हाताला लागतात का? आणि पूर्वी कधी पायाला चिघळलेली जखम झाली होती का, किंवा एखादं बोट काढावं लागलं होतं का?

स्पर्श तपासायला आम्ही मोनोफिलामेंट वापरतो. दांड्याच्या टोकाला नायलॉनचा एक तंतू, दिसायला माशाच्या गळाच्या दोरीसारखा. १० ग्रॅम जोर पडला की तो धनुष्यासारखा वाकतो, त्यामुळे तपासणाऱ्याचा हात जड असो की हलका, पायावर जोर तेवढाच पडतो. आधी तो माणसाच्या हाताला लावून दाखवायचा, म्हणजे कसं वाटायला हवं ते त्याला समजतं. मग डोळे मिटायला सांगायचं आणि अंगठा आणि चवड्याच्या हाडांखाली, घट्टा टाळून, एकेक सेकंद टेकवायचा. मधूनमधून न टेकवताच विचारायचं, "आता लावलं का?" माझ्या कामात सगळ्यात जड क्षण हाच असतो. तंतू पुरता वाकलेला मला दिसत असतो, आणि समोरचा माणूस डोळे मिटून शांतपणे विचारतो, "सुरू करताय ना?"

२०१५ साली दहा अभ्यासांतल्या १६,३८५ मधुमेही लोकांची माहिती एकत्र करून एक मोठं विश्लेषण झालं. त्यात या तीन गोष्टी ठळकपणे वर आल्या. पुढे त्यावरून साधी गुणपद्धत तयार झाली. मोनोफिलामेंट एका जागी जरी कळला नाही तरी १ गुण, पावलातली एखादी नाडी लागली नाही तर १, आणि पूर्वी जखम किंवा अँप्युटेशन झालं असेल तर २. शून्य गुण असले तर दोन वर्षांत जखम होण्याची शक्यता २.४ टक्के. १ गुणाला ६ टक्के, २ गुणांना १४, ३ गुणांना २९, आणि ४ गुण असले तर ५१ टक्के. म्हणजे दोघांतल्या एकाला!

ही तपासणी पाच मिनिटांत होते. त्या बाईंची कोणी केली असती, तर गुण आले असते आणि त्यांचा पाय दर वर्षी नाही, दर काही महिन्यांनी कोणाच्या तरी हातात आला असता.

ज्यांच्या घरात मधुमेह आहे त्यांनी लिहा. प्रश्न विचारा, अनुभव सांगा.

---

रानवाट

चांगला विषय. मला मधुमेह होऊन १४ वर्षं झाली. पाय दुखत नाहीत, मुंग्या येत नाहीत, जळजळ नाही. शेवटचं एचबीएवनसी (तीन महिन्यांच्या सरासरी शुगरचा आकडा) ७.१. मग मला या तपासणीची गरज आहे का? पाय दुखायला लागले की दाखवू, असं आजवर मनाशी धरून होतो.

---

पाऊलखूण

@रानवाट, दुखण्याची वाट बघू नका. ही एवढी एक गोष्ट धाग्यातून कोणी घेतली तरी मला समाधान आहे. मधुमेहात नसा खराब झालेल्या लोकांपैकी जवळपास निम्म्यांना काहीच जाणवत नाही. मुंग्या आणि जळजळ होणारी माणसं निदान डॉक्टरांकडे येतात. ज्यांच्या नसा गाजावाजा न करता गेल्या, ते "माझे पाय उत्तम आहेत" म्हणतात, आणि ते त्यांना खरंच तसं वाटत असतं.

नसा तीन तऱ्हेच्या असतात आणि तिन्ही बिघडतात. स्पर्श आणि वेदना नेणाऱ्या गेल्या की बुटातला खडा कळत नाही. पावलातल्या छोट्या स्नायूंना चालवणाऱ्या गेल्या की बोटं पंज्यासारखी आखडतात, चवड्याची हाडं खाली येतात, त्यांच्याखालची चरबीची गादी पुढे सरकते आणि हाड जवळजवळ थेट जमिनीवर येतं. घामाच्या नसा गेल्या की कातडी कोरडी पडते, टाचेला भेगा जातात. भेग म्हणजे जंतूंना उघडं दार. तुम्ही स्वतःच बघा: बोटांचे शेंडे खाली वाकलेत का, चवड्याखाली एकाच जागी घट्टा येतो का, पाय कधी घामेजतात का?

घट्ट्याबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण त्याला कोणी आजार मानत नाही. बधिर पायावर घट्टा म्हणजे बुटात कायमचा राहिलेला खडाच. तो वाढतो तसा आतल्या मांसावरचा दाब वाढतो आणि जखम आतून सुरू होते, वरून कातडी शाबूत दिसते. घट्टा नीट तासून काढला की त्या जागेवरचा दाब सुमारे पाव हिश्श्याने उतरतो, असं १९९२ साली मोजून दाखवलंय. तासायचा मात्र जाणकाराने. घरी ब्लेड किंवा घट्टे विरघळवायचं औषध लावून आलेले पाय मी इतके बघितलेत की ते दृश्य परत नको वाटतं.

---

आकडेमोड

सांख्यिकी हा माझा व्यवसाय आहे, म्हणून दोन गोष्टी मांडतो.

पहिली. १४ टक्के म्हणजे "माझ्या पायाला १४ टक्के जखम होणार" असं काही नसतं. तुमच्यासारखे गुण असलेले १०० लोक घेतले तर दोन वर्षांत त्यातल्या साधारण १४ जणांना जखम होते. तुम्ही त्या १४ मध्ये की ८६ मध्ये, ते गुण सांगत नाहीत. तरीही वेळ, तपासण्या, खास पादत्राणं आधी कोणाला द्यायची हे ठरवायला ही माहिती सोन्यासारखी आहे.

दुसरी गोष्ट लोकांच्या नजरेतून सुटते. समजा १००० लोक तपासले. त्यातले ७०० शून्य गुणांचे आणि ३० जण ४ गुणांचे. ७०० चे २.४ टक्के म्हणजे सुमारे १७ जखमा. ३० चे ५१ टक्के म्हणजे सुमारे १५. कमी धोक्याच्या गटातूनही तेवढ्याच जखमा आल्या! कारण तो गट मोठा आहे. तेव्हा "शून्य आला, सुटलो" हे चूक.

माझी शंका अशी की या गुणांत एचबीएवनसी कसं नाही? शुगरवरच तर सगळं अवलंबून असतं ना?

---

पाऊलखूण

@आकडेमोड, १७ आणि १५ चा हिशेब फार नेमका मांडलात. मी तो उद्या आमच्या खोलीत लिहून लावणार आहे.

शुगरबद्दल: ती कारण आहेच. टाइप १ च्या रुग्णांवरचा डीसीसीटी नावाचा मोठा अभ्यास १९९३ साली प्रसिद्ध झाला, त्यात शुगर काटेकोर ठेवलेल्या गटात नसांचा आजार ६० टक्क्यांनी कमी झाला. तेव्हा शुगर सांभाळण्याला पर्याय नाही. पण भाकिताचा प्रश्न वेगळा आहे. पंधरा-वीस वर्षांच्या शुगरने जे नुकसान करायचं ते नसांमध्ये आणि रक्तवाहिन्यांमध्ये करून ठेवलेलं असतं, आणि आपण तंतू लावून ते नुकसानच थेट मोजतो. मागच्या तीन महिन्यांचा आकडा त्यात फारशी नवी माहिती घालत नाही. एचबीएवनसी ६.५ वर आणलेला, पण पाय पूर्ण बधिर असलेला माणूस मी रोज बघते. आकडा सुधारला म्हणून गेलेला स्पर्श परत येत नाही.

शुगर धरून केलेली गणितंही आहेत. अमेरिकेतल्या माजी सैनिकांवरच्या २००६ सालच्या एका अभ्यासात एचबीएवनसी, अधू नजर, पूर्वीची जखम, पूर्वीचं अँप्युटेशन, मोनोफिलामेंट न कळणं, पायाच्या कातडीची बुरशी आणि नखांची बुरशी अशा सात गोष्टी घेतल्या होत्या. अधू नजरेचा मुद्दा मला फार पटतो. ज्याला पाय जाणवत नाही त्याचा सगळा भरवसा डोळ्यांवर असतो, आणि मधुमेह नेमका डोळ्यांनाही धरतो.

अवांतर: पायाला बधिरपणा आला म्हणजे तो मधुमेहाचाच असेल असं धरून चालू नका. मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी बरीच वर्षं घेणाऱ्यांत बी१२ जीवनसत्त्व कमी होऊ शकतं आणि त्यानेही पाय बधिर होतात. तपासून घ्या, तो भाग भरून काढता येतो.

---

धमनी

रक्तवाहिन्यांच्या शस्त्रक्रिया करतो. थोडक्यात लिहितो.

नाडी हाताने बघताना चुका होतात. पावलाच्या वरची एक आणि आतल्या घोट्यामागची एक, दोन्ही शोधायच्या. शंका आली की हातातला डॉप्लर, म्हणजे रक्ताचा प्रवाह ऐकवणारं यंत्र, लावायचा. घोट्याचा आणि दंडाचा रक्तदाब मोजून त्यांचं गुणोत्तर काढतात, ते ०.९ च्या खाली गेलं तर रक्तपुरवठा कमी. पण मधुमेहात धमन्यांच्या भिंतीत कॅल्शियम साठून त्या कडक होतात, पट्ट्याने दबत नाहीत, आणि गुणोत्तर खोटं चांगलं येतं. १.३ च्या वर आकडा आला तर खूश होऊ नका. अशा वेळी अंगठ्याचा दाब मोजावा, तिथल्या बारीक धमन्या कमी कडक होतात.

आणखी एक फसवी गोष्ट. नसा गेलेला पाय गरम, गुलाबी, शिरा फुगलेला दिसतो. रक्त छान आहे असं वाटतं. शिवाय चालताना पोटरी भरून येणं हे रक्त कमी असल्याचं नेहमीचं लक्षण, पण बधिर पायात ते दुखणंही कळत नाही. म्हणून माझ्याकडे बरेच जण थेट काळं पडलेलं बोट घेऊन येतात.

---

दुपारचं_ऊन

हे वाचून लिहिल्याशिवाय राहवलं नाही. माझ्या आईचा पाय तपासला होता. नाड्या उत्तम, जखम कधीच नाही. स्पर्श कमी म्हणून "सांभाळा" एवढं सांगितलं होतं. एक दिवस उजवा पाय सुजला, लाल झाला. दुखणं अगदी थोडं. मुरगळला असेल म्हणून पट्टी बांधली. मग जंतुसंसर्ग म्हणून दहा दिवस गोळ्या. एक्सरे काढला, तो नॉर्मल. आई त्या पायावर सहा आठवडे चालत राहिली, कारण दुखत नव्हतं. नंतरच्या एक्सरेमध्ये मधली हाडं सरकलेली. पावलाची कमान गेली, तळवा बाहेरून फुगला, होडीच्या बुडासारखा. आता त्या फुगवट्यावर सारखी जखम होते.

मला त्या सहा आठवड्यांचा अजून त्रास होतो. सूज आली त्या दिवशी मीच तिला बाजारात पायी नेलं होतं.

---

पाऊलखूण

@दुपारचं_ऊन, तुम्ही स्वतःला दोष देऊ नका. हा आजार शिकलेल्या डोळ्यांनाही चकवतो. याला शार्को फूट म्हणतात. जाँ-मार्तँ शार्को या फ्रेंच डॉक्टरांनी १८६८ साली नसांच्या आजारातून सांधे असे मोडतात याचं वर्णन केलं, म्हणून ते नाव. पायाच्या नाड्या चांगल्या असतात तिथेच हा जास्त करून होतो, आणि सुरुवातीचा एक्सरे नॉर्मल येऊ शकतो. तेव्हा एमआरआय लागतो.

वरच्या तीन गोष्टींचे गुण शार्कोबद्दल काही सांगत नाहीत. ते जखमेचं भाकीत आहे, याचं नाही. म्हणून सगळ्यांसाठी लिहितेय: बधिर पाय अचानक सुजला, लाल झाला, दुसऱ्या पायापेक्षा गरम लागला आणि जखम कुठेच नाही, तर खोटं ठरेपर्यंत तो शार्को आहे असं धरायचं. त्या पायावर भार टाकणं त्याच क्षणी बंद. पुढचा उपाय गुडघ्याखालपर्यंतचं, पायाला सगळीकडून लागून बसणारं प्लास्टर, आणि ते महिनोन् महिने. दोन्ही पायांचं तापमान सारखं व्हायला लागलं की आजार थंडावतोय असं समजतात. वेळेवर प्लास्टर मिळालं तर कमान वाचू शकते.

आईंच्या फुगवट्यासाठी साच्यावरून बनवलेलं पादत्राण केलंय का? नसेल तर तेवढं आधी करा. वारंवार जखम होत राहिली तर तो उंचवटा शस्त्रक्रियेने कमी करण्याबद्दलही विचारा.

---

जुनं_दप्तर

प्लास्टरवरून आठवलं म्हणून थोडा इतिहास. हे प्लास्टर आणि मोनोफिलामेंट, दोन्हींची मुळं कुष्ठरोगाच्या उपचारात आहेत. डॉ. पॉल ब्रँड १९४६ पासून वेल्लोरला कुष्ठरुग्णांवर काम करत होते. तोवर समज असा होता की कुष्ठरोगात मांसच सडतं, बोटं आपोआप गळतात. ब्रँड यांनी दाखवलं की मांस धडधाकट असतं, वेदना नसल्यामुळे माणूस नकळत स्वतःला पुन्हा पुन्हा इजा करतो. दाब काढला की तीच जखम भरते. पुढे ते अमेरिकेत कारव्हिलच्या कुष्ठरोग केंद्रात गेले, आणि तिथून हे ज्ञान मधुमेहाच्या पायाकडे आलं. १० ग्रॅमच्या तंतूची हद्दसुद्धा १९८६ साली त्याच केंद्रातल्या अभ्यासातून ठरली, तळव्याला जखम झालेल्यांना तो तंतू कळत नव्हता.

पाऊलखूण ताई, "मधुमेहात जखम भरतच नाही" असं लोक सर्रास म्हणतात. ब्रँड यांचं म्हणणं इथेही लागू आहे ना?

---

पाऊलखूण

@जुनं_दप्तर, अगदी लागू आहे. रक्तपुरवठा ठीक असेल तर तळव्याची जखम भरते, फक्त तिच्यावरून चालणं थांबलं पाहिजे. दिवसाला हजारो पावलं त्याच जखमेवर टाकायची आणि वर मलमं बदलत राहायची, याने काय होणार? हे रुग्णांना समजावताना मी त्यांच्या हातात त्यांचाच बूट देते आणि आतली खाच दाखवते.

---

निळी_छत्री

माझी जखम दोन वर्षांपूर्वी भरली. अंगठ्याखाली होती, पाच महिने चालली. भरली त्या दिवशी घरात सगळ्यांना हायसं वाटलं आणि मीही तो विषय मनातून काढून टाकला. सात महिन्यांत त्याच जागी परत उघडली. तेव्हा कोणीतरी सांगितलं की हे असं होतंच. आधी का सांगितलं नाही?

---

पाऊलखूण

@निळी_छत्री, तुमचा राग रास्त आहे. आमच्या बाजूचे लोक इथे कमी पडतात, मान्य करते. जखम भरलेल्या लोकांपैकी सुमारे ४० टक्क्यांना एका वर्षात पुन्हा होते, तीन वर्षांत ६० टक्क्यांना. २०१७ साली हे आकडे मांडणाऱ्या तज्ज्ञांनीच सुचवलं की "बरी झाली" म्हणू नये, कर्करोगात म्हणतात तसं "आजार सध्या शांत आहे" म्हणावं. त्यामागचं कारण साधं आहे. जखम भरली, पण बधिर नसा, वाकलेली बोटं, दाबाची जागा, सगळं जिथल्या तिथे आहे. वरच्या गुणांत जुन्या जखमेला एकटीला २ गुण दिलेत ते म्हणूनच.

पण इथे करता येण्यासारखंही सगळ्यात जास्त आहे. एक उपाय तापमानाचा. कातडी फुटायच्या आधी काही दिवस ती जागा आतून तापते. दोन्ही तळपायांच्या ठरलेल्या जागा रोज त्वचेच्या थर्मामीटरने मोजायच्या. एकाच जागेत डाव्या-उजव्या पायात २.२ अंश सेल्सिअसपेक्षा जास्त फरक सलग दोन दिवस दिसला तर चालणं कमी करायचं आणि डॉक्टरांना कळवायचं. जास्त धोक्याच्या लोकांवरच्या अभ्यासांत याने पुन्हा होणाऱ्या जखमा बऱ्याच कमी झालेल्या दिसल्या. दुखणं जे सांगायचं ते आता थर्मामीटर सांगतो.

तुम्हाला खास बूट दिलेत का? आणि घरात काय घालता?

---

निळी_छत्री

बूट दिलेत. बाहेर जाताना न चुकता घालतो. घरात नाही घालत. घरात कितीसं चालणं होतं?

---

पाऊलखूण

होतं! हीच गफलत बहुतेकांची होते. खास बूट दिलेल्या लोकांच्या बुटात आणि घोट्याला यंत्रं बसवून २०१३ साली मोजलं होतं. बाहेर टाकलेल्या पावलांपैकी ८७ टक्के पावलं बूट घालून, घरात फक्त ६१ टक्के. आणि दिवसभरातली जास्त पावलं घरातच पडत होती. तुमचं अंथरूण ते बाथरूम, स्वयंपाकघर ते खुर्ची, हे सगळं त्या अंगठ्याखालच्या जागेवरून होतं.

घरासाठी वेगळा जोड मागून घ्या, तेवढाच दाब उतरवणारा पण घालायला हलका. तो अंथरुणाशेजारी ठेवा, म्हणजे रात्री उठलात तरी पाय त्यातच जाईल.

---

बोरूचा_टाक

वडिलांचं डायलिसिस दीड वर्ष सुरू आहे. मधुमेह २२ वर्षांचा. पायाला जखम कधी झाली नाही. या गुणांप्रमाणे त्यांचा फक्त १ येतो, स्पर्श नाही म्हणून. मग निश्चिंत राहावं का?

---

पाऊलखूण

नाही, अजिबात नाही. पायांसाठीचे आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक नियम धोक्याच्या चार पायऱ्या करतात, ० ते ३. स्पर्श आणि रक्तपुरवठा दोन्ही ठीक असेल तर ०, वर्षातून एकदा तपासणी. दोन्हींपैकी एकच बिघडलं तर १, सहा ते बारा महिन्यांनी. दोन्ही बिघडले, किंवा एकाच्या जोडीला पायाचा आकार बिघडला तर २, तीन ते सहा महिन्यांनी. आणि स्पर्श किंवा रक्तपुरवठा बिघडलेला असताना जोडीला जुनी जखम, अँप्युटेशन किंवा किडनी निकामी असेल तर थेट ३. म्हणजे तुमचे वडील सगळ्यात वरच्या पायरीवर आहेत, जखम नसतानाही. त्यांचा पाय एक ते तीन महिन्यांनी तपासला गेला पाहिजे.

डायलिसिसला आठवड्यातून अनेकदा जाणं होतंच. तिथल्या सिस्टरना मोजे काढून पाय बघायची विनंती करा. आणि इतके तास पडून राहताना टाचा गादीवर दाबल्या जातात, पोटऱ्यांखाली उशी देऊन टाचा अधांतरी ठेवा. टाचेची जखम भरायला फार चिवट असते.

---

रानवाट

चार दिवसांनी परत आलो. तपासणीची वेळ पुढच्या आठवड्यातली मिळालीय. तोवर घरी बघण्यासारखं काही आहे का? मोनोफिलामेंट नाही आमच्याकडे.

---

पाऊलखूण

@रानवाट, आहे. इंग्लंडमधल्या इप्सविचच्या डॉक्टरांनी २०११ साली मांडलेली स्पर्शचाचणी घरच्या माणसालाही करता येते. तुम्ही पाय उघडे ठेवून आडवे व्हा, डोळे मिटा. घरच्यांनी तर्जनीचं टोक तुमच्या बोटाच्या शेंड्याला एक-दोन सेकंद अलगद टेकवायचं. दाबायचं नाही, टिचकी मारायची नाही, चोळायचं नाही. स्पर्श कळला की तुम्ही "उजवा" किंवा "डावा" म्हणायचं. क्रम असा: उजवा अंगठा, उजवी करंगळी, डावा अंगठा, डावी करंगळी, मग उजवं मधलं बोट, डावं मधलं बोट. कळलं नाही म्हणून त्याच बोटाला परत लावायचं नाही. सहापैकी दोन किंवा जास्त कळले नाहीत तर स्पर्श कमी झालाय असं धरायचं. सगळे कळले तरी पुढच्या आठवड्यातली वेळ रद्द करू नका.

---

रानवाट

काल रात्री पत्नीने केलं. मी चार वेळा बोललो आणि मग बराच वेळ काहीच आलं नाही, म्हणून म्हटलं, "लाव ना पुढे." ती म्हणाली, "झालं सगळं." मी डोळे उघडले तर ती पायाशी तशीच बसलेली. दोन्ही अंगठे मला कळलेच नव्हते. आणि चारांपैकी एकदा तर डाव्या पायाला हात लागलेला असताना मी "उजवा" म्हणालो होतो. रात्री दोघांनाही नीट झोप लागली नाही.

---

पाऊलखूण

@रानवाट, दोन अंगठे आणि एक चुकीचं उत्तर, म्हणजे खरी तपासणी लवकर हवी. फोन करून वेळ अलीकडे घेता येते का बघा, स्पर्श गेल्याचं स्पष्ट सांगा. जाताना रोजचे बूट बरोबर न्या. आजपासून घरात उघड्या पायाने नको. बूट घालण्याआधी आत हात घालून चाचपा, पायाला पाणी कोमट आहे ना ते कोपराने बघा. आणि वहिनींना सांगा, त्यांनी काल जे केलं ते कित्येक ठिकाणी १४ वर्षांत कोणी करत नाही.

---

आकडेमोड

@रानवाट, धीर धरा. तुम्हाला अजून जखम झालेली नाही, आणि हे कळलंय. या दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या असणं फार मोलाचं आहे.

---

रानवाट

कालच जाऊन आलो, वेळ अलीकडे मिळाली. मोनोफिलामेंट चवड्याखाली कुठेच कळला नाही. कंपनाचं यंत्र लावलं, कंपन जाणवेपर्यंत त्याचा आकडा २५ व्होल्टच्या वर गेला, तेही धोक्याच्या बाजूचं आहे म्हणाले. नाड्या चारही लागल्या. बोटं वाकायला लागलीत. म्हणजे तुम्ही सांगितलेल्या ० ते ३ मधली २ नंबरची पायरी.

उजव्या चवड्याखाली मला घट्टा होता, मी तो बुटाचा म्हणून सोडून दिला होता. तिथल्या बाईंनी पातळ पापुद्रे काढत तो तासला. खालून वाटाण्याएवढा काळपट लाल डाग निघाला. आत रक्त साकळलेलं. त्या म्हणाल्या, कातडी अजून फुटलेली नाही, थोड्याच दिवसांत फुटली असती. दाब उतरवणारं तळवं मापाने करायला दिलंय, तोवर चालणं अगदी कमी. तीन महिन्यांनी परत बोलावलंय, पण डाग बघायला दोन आठवड्यांनीच.

घरी आल्यावर पत्नीने माझ्या उजव्या बुटातलं तळवं बाहेर काढून खिडकीशी धरलं. घट्ट्याच्या बरोबर खाली, अंगठ्याच्या पेराएवढी जागा झिजून आरपार उजेड दिसत होता. हे बूट मी चार वर्षं घालतोय.